बारा काडेपेट्यांची अँटिबॉडी: रचना आणि विविधता हाताने उलगडून पाहण्यासाठी

इम्युनॉलॉजीच्या पेपरात अँटिबॉडीची आकृती काढायला सांगितली की प्रत्येक जण इंग्रजी ‘वाय’ काढतो, दोन-चार बाण मारतो आणि मोकळा होतो. पण हलकी साखळी कुठून कुठपर्यंत जाते, बिजागरी नेमकी कुठे असते आणि लाखो वेगवेगळ्या गोष्टी ओळखणारा फरक या आकृतीत कुठे बसतो, असं विचारलं की वर्ग शांत होतो. मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे. अँटिबॉडी आधी हातात घ्यावी आणि मग पाठ करावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

त्यासाठी लागणारं सामान घरातच मिळेल. बारा रिकाम्या काडेपेट्या, जाड दोरा, दोन रंगांच्या टिकल्या, पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या, खडीसाखरेचे दोन खडे आणि इंटरनेट असलेला फोन किंवा संगणक. दोन निवांत संध्याकाळी पुरतात. पाठ्यपुस्तकात ‘प्रतिपिंड’ हा शब्द आहे आणि तो चांगलाच आहे, पण दवाखान्यात आणि रिपोर्टवर ‘अँटिबॉडी’ भेटते, म्हणून इथे तोच शब्द वापरते. अँटिबॉडी म्हणजे जंतू, विष अशा परक्या गोष्टींना चिकटणारं रक्तातलं प्रथिन, आणि ती ज्याला चिकटते तो प्रतिजन.

पहिली पायरी: बांधणी

रक्तात सर्वांत जास्त असणारी अँटिबॉडी म्हणजे आयजीजी. तिच्यात चार प्रथिन-साखळ्या असतात: दोन जड, दोन हलक्या. दोन्ही जड साखळ्या हुबेहूब सारख्या, दोन्ही हलक्याही हुबेहूब सारख्या. प्रत्येक साखळीवर साधारण ११० अमायनो आम्लांच्या गाठोड्यांची माळ असते. अशा एका गाठोड्याला डोमेन म्हणतात. जड साखळीत चार डोमेन, हलकीत दोन. म्हणजे एकूण बारा, आणि म्हणून बारा काडेपेट्या.

चार पेट्या दोऱ्यात ओवा आणि त्यांच्यावर वरून खाली लिहा: व्हीएच, सीएच१, सीएच२, सीएच३ (व्ही म्हणजे बदलता भाग, सी म्हणजे स्थिर भाग; एच म्हणजे जड साखळी, एल म्हणजे हलकी). सीएच१ आणि सीएच२ यांच्यामध्ये दोन बोटं दोरा मोकळा सोडा. हीच बिजागरी. अशा दोन माळा करा. उरलेल्या चार पेट्यांच्या दोन जोड्या करा आणि त्यांवर लिहा: व्हीएल, सीएल. या हलक्या साखळ्या.

आता जोडणी. हलकीची व्हीएल पेटी जडच्या व्हीएचला चिकटवा, सीएल ही सीएच१ला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. सीएल आणि जड साखळी यांच्यामध्ये दोऱ्याचा एक टाका घाला आणि दोन्ही माळांच्या बिजागऱ्या एकमेकींना दोन टाक्यांनी बांधा. हे टाके म्हणजे गंधकाचे डायसल्फाइड बंध. मानवी आयजीजी१मध्ये बिजागरीवर असे दोनच असतात, आयजीजी३मध्ये तब्बल अकरा. खाली दोन्ही सीएच३ पेट्या घट्ट चिकटवा. सीएच२ मात्र चिकटवू नका. तिथे दोन्ही पेट्यांमध्ये फट असते आणि त्या फटीत साखरेच्या रेणूंच्या दोन फांद्या बसलेल्या असतात, प्रत्येक साखळीच्या २९७व्या जागेवरच्या ॲस्परजिनला जोडलेल्या. खडीसाखरेचे खडे तिथे ठेवा. ही साखर शोभेची नाही. ती काढून टाकली तर अँटिबॉडीची खालची बाजू संरक्षक पेशींना नीट पकडता येत नाही.

मुलं इथे एक चूक हमखास करतात. हलकी साखळी थेट तळापर्यंत नेतात. हलकी साखळी बिजागरीच्या खाली कधीच उतरत नाही.

आता वजन पडताळा. एक अमायनो आम्ल सरासरी ११० डाल्टन (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) धरलं तर एक पेटी साधारण १२,१०० डाल्टनची. बारा पेट्या म्हणजे १,४५,२००. बिजागरी आणि साखर धरली की दीड लाखाच्या आसपास पोचतो, आणि आयजीजीचं वजन तेवढंच आहे. जड साखळी सुमारे ५०,००० आणि हलकी सुमारे २५,००० डाल्टन, हे आकडे आता पाठ करावे लागत नाहीत.

मॉडेल सीएच३ला धरून हलवून पाहा. वरचे दोन हात लटपटतात. खऱ्या रेणूतही तसंच होतं, म्हणून रचना पाहण्यासाठी लागणारा अख्ख्या अँटिबॉडीचा स्फटिक बनवणं अवघड जातं आणि तुकड्यांच्या रचना मात्र मुबलक सापडतात.

दुसरी पायरी: कात्री

मटण लवकर शिजावं म्हणून त्याला कच्ची पपई लावतात, हे आपल्या स्वयंपाकघरात जुनंच आहे. पपईच्या चिकातल्या पपेन या विकराने प्रथिनं तुटतात. लंडनमध्ये रॉडनी पोर्टर यांनी १९५९मध्ये हेच पपेन सशाच्या अँटिबॉडीवर वापरलं. पपेन बिजागरीवर, टाक्यांच्या वरच्या बाजूला कापतं. तुमच्या मॉडेलवर तिथे कात्री चालवा (दोरा नंतर पुन्हा बांधता येतो). हातात तीन तुकडे येतात. दोन सारखे हात, जे प्रतिजन पकडतात: त्यांना फॅब म्हणतात. आणि एक खालचा दांडा, एफसी, ज्याचे पोर्टर यांना स्फटिक मिळाले. नावातला ‘सी’ त्या स्फटिकांवरूनच आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जेराल्ड एडेलमन यांनी डायसल्फाइड बंध तोडून साखळ्या वेगळ्या केल्या. दोघांना मिळून १९७२चं नोबेल मिळालं.

दुसरी कात्री पेप्सिनची, जठरातल्या विकराची. ती टाक्यांच्या खालून कापते. त्यामुळे दोन्ही हात एकमेकांना जोडलेलेच राहतात आणि दांड्याचे बारीक तुकडे होतात. दोन हातांच्या या जोडीचं वजन साधारण १,१०,००० डाल्टन.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे जे इंजेक्शन देतात, ते घोड्याच्या अँटिबॉडींपासून बनतं. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं आहे. घोड्याला थोडंथोडं विष टोचत नेतात, त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात, आणि त्या शुद्ध करताना पेप्सिनने दांडा काढून टाकतात. विष पकडायला हात लागतात, घोड्याचा दांडा लागत नाही. उलट त्या परक्या दांड्यामुळे रुग्णाला त्रास होण्याची शक्यता वाढते. तरीही घोड्याचे हात परकेच असतात, म्हणून हे औषध रुग्णालयातच, देखरेखीखाली द्यायचं असतं. साप चावल्यावर मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला वेळ कुठलीही अँटिबॉडी भरून काढत नाही. हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

तिसरी पायरी: एका पेटीच्या आत

आता एकच पेटी उघडू. आत अमायनो आम्लांची साखळी पुढे-मागे पुढे-मागे अशी वळत जाते आणि तिच्या दोन पातळ चादरी बनतात. एकीवर दुसरी ठेवून मधोमध एक पक्का टाका घातलेला असतो. गोधडी डोळ्यांसमोर आणा. तो टाका पुन्हा डायसल्फाइडचाच, आणि त्याला टेकून एक ट्रिप्टोफॅन बसलेलं असतं. बाराही पेट्यांत शिवण हीच.

गोधडीच्या काठाला धागे जसे बाहेर येतात, तशी प्रत्येक व्ही पेटीच्या टोकाला साखळीची तीन वळणं बाहेर आलेली असतात. व्हीएलची तीन, व्हीएचची तीन. ही सहा वळणं एकत्र येऊन हाताचा तळवा तयार होतो. त्यांना सीडीआर म्हणतात: एल१, एल२, एल३, एच१, एच२, एच३. वू आणि कॅबट यांनी १९७०मध्ये निरनिराळ्या अँटिबॉडींचे क्रम एकाखाली एक मांडून प्रत्येक जागी किती फरक पडतो ते मोजलं आणि आलेख काढला, तेव्हा तीन ठिकाणी शिखरं उभी राहिली. तीच ही वळणं. बाकीची गोधडी जवळपास तशीच राहते.

प्रत्येक व्ही पेटीच्या टोकाला लाल पेनने तीन रेघा मारा. तळव्याच्या मधोमध येणाऱ्या एच३च्या रेघेभोवती गोल करा. पुढचं बरंचसं त्या गोलाबद्दलच आहे.

चौथी पायरी: खरा क्रम वाचणं

ट्रॅस्टुझुमॅब हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध पुष्कळांनी ऐकलेलं असतं. अमेरिकेत त्याला १९९८मध्ये मान्यता मिळाली. ही एक अँटिबॉडीच आहे आणि तिचा पूर्ण क्रम खुला आहे. प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर ‘१एन८झेड’ हा संकेतांक इंग्रजी अक्षरांत टाका. या अँटिबॉडीचा फॅब आणि त्याने पकडलेलं हर-२ प्रथिन, दोन्ही समोर येतील. कुठली साखळी हलकी आणि कुठली जड ते त्याच पानावर लिहिलेलं असतं.

जड साखळीचा क्रम घ्या. एकेक अक्षर म्हणजे एकेक अमायनो आम्ल. पहिलं सी, म्हणजे सिस्टीन, २२व्या जागी मिळतं आणि दुसरं ९६व्या जागी. गोधडीचा टाका या दोघांमधला. एच३ शोधायची युक्ती सोपी आहे: दुसऱ्या सी नंतरची दोन अक्षरं सोडा, तिथून सुरुवात करा, आणि डब्ल्यू-जी-कोणतंही एक-जी अशी चौकडी आली की तिच्या आधी थांबा. इथे सी नंतर एस-आर येतात. ते सोडले की उरतं: डब्ल्यू-जी-जी-डी-जी-एफ-वाय-ए-एम-डी-वाय. लगेच पुढे डब्ल्यू-जी-क्यू-जी. म्हणजे एच३ अकरा अक्षरांचा, ९९ ते १०९.

हलक्या साखळीत सिस्टीन २३ आणि ८८व्या जागी आहेत. तिथे एल३ दुसऱ्या सी नंतर लगेच सुरू होतो आणि एफ-जी-कोणतंही एक-जी येईपर्यंत चालतो: क्यू-क्यू-एच-वाय-टी-टी-पी-पी-टी, नऊ अक्षरं. एल१ पहिल्या सी नंतर लगेच सुरू होऊन पुढच्या डब्ल्यूपाशी संपतो. तो तुम्ही स्वतः शोधा. अकरा अक्षरं आली तर बरोबर.

क्रम सापडला की त्याच पानावरच्या त्रिमितीय चित्रात जा. क्रमाच्या पट्टीत ती अकरा अक्षरं निवडली की चित्रात ती उजळतात. चित्र बोटाने फिरवा. एच३ बरोबर हर-२च्या पृष्ठभागाला भिडलेला दिसेल, प्रथिनाच्या पेशी-आवरणाजवळच्या टोकाशी. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बराच वेळ नुसती फिरवत बसले होते.

पकड किती मोठी असते? कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमला धरणाऱ्या एका अँटिबॉडीची रचना १९८६मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात अँटिबॉडीची १७ आणि लायसोझाइमची १६ अमायनो आम्लं एकमेकांना भिडली होती. साडेतेराशेच्या आसपास अमायनो आम्लांच्या अख्ख्या रेणूत, एका हाताचं काम करणारी एवढीच.

पाचवी पायरी: टिकल्या आणि पट्ट्या

आता मूळ कोडं. माणसाकडे प्रथिनांची जनुकं साधारण वीस हजार. अँटिबॉडी मात्र त्याच्या कितीतरी पट. प्रत्येकीसाठी वेगळं जनुक ठेवायला जागाच नाही. १९६५मध्ये ड्रायर आणि बेनेट यांनी सुचवलं की एका साखळीमागे एक नव्हे, दोन जनुकं असावीत. तेव्हा ते कुणाला फारसं पटलं नाही. १९७६मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे सुसुमु टोनेगावा आणि होझुमी यांनी उंदराच्या गर्भाचा डीएनए आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या गाठीच्या पेशींचा डीएनए शेजारी ठेवून दाखवून दिलं, की गर्भात एकमेकांपासून दूर असलेले तुकडे या पेशींत जवळ आलेले असतात. डीएनए कापून पुन्हा जोडला गेला होता. टोनेगावांना १९८७चं नोबेल मिळालं.

हे कागदावर करू. जड साखळीच्या बदलत्या भागासाठी तीन प्रकारचे तुकडे लागतात: व्ही, डी आणि जे. एका लांब पट्टीवर ओळीने पाच व्ही, पाच डी, तीन जे लिहा. प्रत्येक व्हीच्या उजव्या काठाला लाल टिकली, प्रत्येक जेच्या डाव्या काठाला लाल टिकली, आणि प्रत्येक डीच्या दोन्ही काठांना हिरवी. नियम एकच: लाल फक्त हिरवीला जोडायची. मग व्ही थेट जेला जोडता येईल का? नाही, मध्ये डी घ्यावाच लागतो.

पेशीतही नियम हाच आहे. टिकल्यांच्या जागी डीएनएमध्ये सात अक्षरांची आणि नऊ अक्षरांची खूण असते, आणि दोन खुणांमधलं अंतर कधी १२ अक्षरांचं, कधी २३चं. बारावाली फक्त तेवीसवालीशी जुळते. कापण्याचं काम रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं करतात. ही दोन नसतील तर अँटिबॉडी तयारच होत नाहीत आणि बाळ जंतूंपुढे उघडं पडतं.

आधी एक डी एका जेला जोडा. मधली पट्टी कापून टोपलीत टाका. मग एक व्ही त्या जोडीला जोडा, पुन्हा मधलं कापून टाका. टोपलीत गेलेला कागद परत येत नाही. बी पेशीतही, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीतही, तो डीएनए कायमचा जातो. म्हणून प्रत्येक बी पेशी आयुष्यभर आपलीच एक अँटिबॉडी बनवते. हे सगळं अस्थिमज्जेत, प्रतिजन भेटायच्या आधीच होतं. जंतू पाहून अँटिबॉडी घडत नाही. आधीच घडलेल्यांतली एखादी जंतूला जुळते आणि ती पेशी वाढते. इतकं शिकवूनही सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

हलक्या साखळीत डी नसतो, फक्त व्ही आणि जे. तिचे दोन प्रकार, कप्पा आणि लॅम्डा. जड साखळीचे तुकडे १४व्या गुणसूत्रावर, कप्पाचे २ऱ्यावर, लॅम्डाचे २२व्यावर.

सहावी पायरी: कॅल्क्युलेटर

वापरात येणारे तुकडे माणसागणिक थोडे कमीजास्त असतात. ढोबळ आकडे घेऊ. जड साखळी: ४० व्ही, २३ डी, ६ जे. गुणाकार ५,५२०. कप्पा: ४० व्ही, ५ जे, म्हणजे २००. लॅम्डा: ३० व्ही, ४ जे, म्हणजे १२०. हलक्या एकूण ३२०. कुठलीही जड कुठल्याही हलकीशी: ५,५२० गुणिले ३२०, म्हणजे १७,६६,४००.

तुकडे मोजा: १४८. जेमतेम दीडशे तुकड्यांतून साडेसतरा लाखांच्या वर जोड्या. सगळ्याच जोड्या सारख्या चांगल्या जमत नाहीत, पण अंदाज यायला हा हिशोब पुरे.

आणि हा अजून लहान आकडा आहे, कारण सांधा धरलेला नाही. तुकडे जोडताना डीएनएच्या टोकाची काही अक्षरं कुरतडली जातात आणि टीडीटी नावाचं विकर कुठल्याही नमुन्याशिवाय नवी अक्षरं मध्ये घुसडतं. तुमच्या पट्टीवरही करून पाहा: सांध्यावर दोन अक्षरं खोडा आणि डोळे मिटून चार नवी लिहा. किंमतही मोठी आहे. अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचायची असल्यामुळे तीनांतले साधारण दोन सांधे वाचायलाच येत नाहीत आणि फुकट जातात. पण उरतात त्यांमुळे आकडा लाखांतून अब्जांच्या कितीतरी पुढे निघून जातो.

हा सांधा कुठे येतो? नेमका एच३वर. एच१ आणि एच२ व्हीच्या आतच लिहिलेले असतात. एच३ मात्र व्ही, डी आणि जे यांच्या शिवणीवर पडतो. ट्रॅस्टुझुमॅबची अकरा अक्षरं परत काढा. ही अँटिबॉडी मुळात उंदराची, नंतर माणसासारखी केलेली. शेवटची वाय-ए-एम-डी-वाय ही पाच अक्षरं उंदराच्या चौथ्या जे तुकड्याची ओळखीची खूण. त्याआधीची डब्ल्यू-जी-जी-डी-जी-एफ ही डी आणि सांध्याची. काडेपेटीवर केलेला लाल गोल म्हणजे डीएनएमधली ही शिवण.

सातवी पायरी: धार लावणं

प्रतिजन भेटल्यावर बी पेशी लसिका गाठींत वेगाने विभागू लागतात, आणि तेव्हा पेशी स्वतःच्याच व्ही भागात मुद्दाम चुका करते. क्योतोमध्ये होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९९मध्ये शोधलेलं एआयडी हे विकर त्यामागे आहे. दर विभाजनाला हजार अक्षरांमागे साधारण एक बदल. जड आणि हलकी मिळून व्ही भागाची अक्षरं सातशेच्या आसपास, म्हणजे एक-दोन विभाजनांत एक बदल. ज्या पेशीची पकड घट्ट झाली ती टिकते, सैल झाली ती मरते. लसीचा दुसरा डोस पहिल्यापेक्षा चांगल्या अँटिबॉडी देतो, त्यात या निवडीचा मोठा वाटा आहे.

हेच एआयडी दांडाही बदलून देतं. हात तेच ठेवून खाली दुसऱ्या प्रकारचा एफसी जोडला जातो. आयजीएम आधी, मग गरजेनुसार आयजीजी, आयजीए किंवा आयजीई. आयजीडी मुख्यतः पेशीच्या पृष्ठभागावर राहते. आयजीए लाळेत, दुधात आणि आतड्यात जोडीने वावरते. आयजीई ॲलर्जीत भेटते. डेंग्यूच्या रिपोर्टवर आयजीएम आणि आयजीजी वेगळे छापतात ते या क्रमामुळेच.

आठवी पायरी: रक्तपेढीत

तुमच्या मॉडेलसारखी पाच मॉडेलं एफसीकडून एकत्र बांधली, म्हणजे दहा हात बाहेरच्या बाजूला, की झाली आयजीएम. वजन सुमारे ९,७०,००० डाल्टन. रक्तगट तपासताना काचपट्टीवर थेंबात गुठळ्या दिसतात, कारण ए आणि बी गटांविरुद्धच्या अँटिबॉडी मुख्यतः आयजीएम असतात. लाल पेशी ऋण भारामुळे एकमेकींपासून दूर राहतात आणि एवढा रुंद रेणूच ते अंतर सहज ओलांडतो. आरएच निगेटिव्ह आईच्या रक्तात तयार होणारी, डी या आरएच प्रतिजनाविरुद्धची अँटिबॉडी सहसा आयजीजी असते. तिचे दोन हात पुरत नाहीत. पेशींवर ती बसते, पण गुठळी दिसत नाही. मग कूम्ब्स चाचणीत अँटिबॉडीलाच पकडणारी दुसरी अँटिबॉडी घालतात. ती दोन पेशींवरच्या आयजीजींना जोडते आणि गुठळी दिसते. ही युक्ती १९४५ची.

आणि तीच आयजीजी वारेतून बाळापर्यंत पोचते, कारण वारेतले ग्राहक (रिसेप्टर) तिच्या एफसीला धरून पलीकडे नेतात. आयजीएमला तो रस्ता नाही. म्हणून आईचा ओ आणि बाळाचा ए गट असला तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही, पण आरएचच्या बाबतीत पुढच्या बाळाच्या लाल पेशी फुटू शकतात. बाळ आरएच पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन देतात. त्या कुपीतही आयजीजीच असते, दीड लाख डाल्टनची, बारा पेट्यांची. तुमच्या घरात कुणी आरएच निगेटिव्ह गरोदर असेल, तर त्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आजच विचारा.